गुडघे वाकत नाहीत, बोटं थरथरतात. छोट्या कॅमेऱ्यावर किड्या-फुलांचे फोटो जमतील का?

प्रश्न: माझं वय ६४. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले. आमवातामुळं बोटांचे सांधे सुजलेले असतात, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, त्यामुळं खाली बसता येत नाही. मुलानं जवळून फोटो काढायचा छोटा कॅमेरा आणून दिलाय. एक सेंटिमीटरवरूनही फोटो निघतो म्हणे, पण माझे सगळे फोटो हललेले येतात. तीन पाठवते आहे. जास्वंदीवरचा मुंगळा, झेंडूवरचं फुलपाखरू, आणि कढीपत्त्याच्या पानावर चिमणीची शीट पडली होती, तिच्यावर नुसता सराव केला तो. मला हे जमेल का? की कॅमेरा मुलाला परत देऊन टाकू?

उत्तर: ताई, कॅमेरा परत देऊ नका. तिन्ही फोटो मी मोठ्या स्क्रीनवर बघितले. तिन्ही बिघडलेत हे खरं, पण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, आणि तुमच्या बोटांचा दोष त्यातल्या एकातच आहे. तिसऱ्या फोटोत तर तुम्हाला वाटतं त्याहून बरंच काही आहे. त्याच्याकडं शेवटी येतो.

मी कोल्हापुरात २२ वर्षं लग्नाचे फोटो काढले. २००९ साली मणक्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून कमरेत वाकता येत नाही, उकिडवं बसणं बंद, डावं पाऊल बधिर. मोठी बॉडी, मॅक्रो लेन्स आणि फ्लॅश मिळून दोन किलोंचं सामान होतं, ते विकलं. तेव्हापासून खिशात मावेल अशाच कॅमेऱ्यावर किडे, कोळी, शेवाळ, गवताची फुलं काढतो, जवळजवळ सगळं खुर्चीत बसून नाहीतर भिंतीला टेकून. पुढं लिहिलेलं सगळं स्वतः करून बघितलेलं आहे.

आधी बिघडलेला फोटो वाचायची सवय लावा. तुमच्या पहिल्या फोटोत मुंगळा, जास्वंदीची पाकळी आणि मागची भिंत, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं. हा हात हललेला फोटो. बटण दाबताना बोटाला जोर लागला आणि कॅमेरा खाली झुकला. दुसऱ्या फोटोत फुलपाखराचा डोळा पुसट आहे, पण त्याच्या मागचं झेंडूचं पान बघा, शिरा मोजता येतील इतकं स्वच्छ आहे. इथं हात हललेला नाही. फोकस घेतल्यानंतर तुम्ही बोटभर पुढं झुकलात. तिसऱ्यात कढीपत्त्याचं पान पुसट आणि कुंडीचा काठ स्वच्छ, म्हणजे वारा.

यातला दुसरा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो. इतक्या जवळून फोटो काढताना स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. उभा माणूस कितीही स्थिर वाटला तरी श्वासाबरोबर तेवढा पुढं-मागं डुलतोच. कॅमेऱ्यातली हलणं रोखणारी यंत्रणा आडवे-उभे धक्के सांभाळते. पुढं-मागं होणाऱ्या डुलण्यावर तिचा काही इलाज चालत नाही. म्हणून धडधाकट तरुणांचेही असे फोटो आउट जातात आणि ते उगाच लेन्सला नावं ठेवतात. तुम्हाला तर बसूनच फोटो काढायचेत. बसलेलं शरीर उभ्या शरीरापेक्षा पुष्कळ कमी डुलतं, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

फाइलमधल्या माहितीवरून तुमचा कॅमेरा ऑलिंपस टीजी-६ आहे. २०१९ चं मॉडेल, बॅटरीसकट पाव किलोच्या आसपास. या कामासाठी याहून चांगला छोटा कॅमेरा मी तुम्हाला सुचवला नसता. त्याचा सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती, जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आहे. लग्नाच्या शूटला याला आम्ही हसलो असतो, पण जवळच्या फोटोत हाच लहानपणा उपयोगी पडतो. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ १६ ला फोकसची जेवढी खोली, म्हणजे स्वच्छ पट्ट्याची जाडी, मिळते, साधारण तेवढी इथं एफ २.८ लाच मिळते. छिद्र मोठं ठेवता आलं की प्रकाश जास्त येतो, शटर वेगात चालतो, आणि थरथरणाऱ्या हाताला हवा असतो तो वेगच. शटरचा वेग २५० च्या, म्हणजे सेकंदाच्या २५० व्या भागाच्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची संवेदनशीलता, ४००, वेळेला ८०० झाला तरी चालेल. फोटो थोडा दाणेदार येईल, येऊ दे.

डायलवर सूक्ष्मदर्शकाचं चिन्ह आहे, तिथं कॅमेरा ठेवा. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांचा एक सेंटिमीटरचा दावा झूम पूर्ण मागं असतानाच खरा ठरतो. तुमच्या कॅमेऱ्यात या मोडला झूम पूर्ण पुढं नेला तरी एक ते तीस सेंटिमीटरपर्यंत फोकस होतो. म्हणून तो एक सेंटिमीटर विसरा. इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली पडते आणि किडा उडून जातो. झूम पुढं न्या आणि सात-आठ सेंटिमीटर लांब थांबा. किडा फ्रेममध्ये पुरेसा मोठा दिसतो, बिचकत नाही, आणि तुम्हालाही तेवढं कमी वाकावं लागतं.

आता बोटांचं. शटर उजव्या हाताच्या पहिल्या बोटानंच दाबायचा असा काही नियम नाही. कॅमेरा उलटा धरून बघा. बटण खाली येतं आणि अंगठ्यानं दाबता येतं. आमवातात बऱ्याच जणांचा अंगठा बोटांपेक्षा जास्त साथ देतो. फोटो उलटा आला तर फिरवता येतो. तेही दुखत असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबल्याचा हिसका जिरतो, मग फोटो निघतो. कॅमेरा वायफायनं फोनला जोडता येतो, तेव्हा फोनच्या स्क्रीनवर बोट टेकवूनही फोटो काढता येतो. याचा खरा फायदा जमिनीवरच्या गोष्टींना. मृगाच्या पहिल्या पावसानंतर लाल मखमली मृगाचा किडा मातीवर फिरायला लागतो, तो काही तुमच्यासाठी वर येणार नाही. घरातल्या कुणालातरी कॅमेरा जमिनीवर ठेवायला सांगा, तुम्ही खुर्चीत बसून मांडीवरच्या फोनवर बघा. आम्ही लहानपणी हे किडे काडेपेटीत भरायचो, ते मात्र नातवंडांना करू देऊ नका.

टेकू हवाच. अर्धा किलो शाळू मावेल अशी जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, गच्च न भरता थोडी सैल ठेवा. कठड्यावर, खुर्चीच्या हातावर, स्वतःच्या मांडीवर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला की ट्रायपॉडची आठवण येत नाही. दुसरी युक्ती नाडीची. हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची स्क्रू आणा आणि कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात बसवा. लांब स्क्रू जोर लावून पिळू नका, आत जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा असते, तळ फुटेल. त्या स्क्रूला नाडी बांधून दुसऱ्या टोकाचा फास पायात अडकवा आणि कॅमेरा हलकेच वर ओढा. ताणलेल्या नाडीवर हात आपोआप स्थिर होतो. पायात फास घालायला वाकता येत नसेल तर तो खुर्चीच्या पायाला कायमचा बांधून ठेवा. मी तसंच केलंय.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली ती, जरा सावकाश वाचा. किडा काडीवर बसलाय. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात काडी किड्याच्या दोन-तीन इंच खाली हलकेच धरा. ओढू नका, नुसता आधार द्या. त्याच हाताची मधली दोन बोटं पुढं काढा आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूची खालची कड त्यांच्यावर टेकवा. आता काडी, किडा आणि कॅमेरा तिन्ही एकाच हातावर आहेत. हात थरथरला तर तिन्ही एकदम थरथरतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी तेच. फोकससाठी कॅमेरा बोटांवरून केसभर पुढं-मागं सरकवायचा, किड्याचा डोळा चमकला की दाबायचं, आणि एकावर न थांबता आठ-दहा फोटो लागोपाठ घ्यायचे. दहातले दोन बरे आले तर मी तो दिवस चांगला धरतो. पहिल्या महिन्यात एकच आला तरी निराश होऊ नका.

बोटांना काडी धरवत नसेल तर जाड तारेच्या टोकाला कपड्यांचा चिमटा बांधा, तार कुंडीत रोवा आणि काडी चिमट्यात धरा. मात्र काडीला हात लावण्याआधी तिच्या खालच्या बाजूला नजर टाकत जा. २०२२ च्या पावसाळ्यात घोणस अळीच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तिच्या काट्यांचा दंश भयंकर आग करतो, आणि आपल्याकडं ऊस आणि बांधावरचं गवत काही कमी नाही. केसाळ किंवा काटेरी अळीच्या काडीला मी हात लावतच नाही. पायात कायम बूट घाला. माझ्या बधिर पावलाला मुंग्या चावून फोड आले तरी मला घरी आल्यावर कळलं होतं.

फ्लॅशबद्दल एवढंच सांगतो, की जवळून मारलेला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकतो आणि थरथर तिथल्या तिथं गोठवतो. पण उघडा फ्लॅश किड्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो. तुमच्या कॅमेऱ्यासाठी एफडी-१ नावाचा डिफ्यूझर मिळतो, तो पुढ्यातल्या वस्तूवर उजेड मऊ करून पसरतो. घ्यायचा नसेल तर ट्रेसिंग पेपरचा तुकडा फ्लॅशपुढं बोटभर अंतरावर चिकटवा. लागोपाठच्या फोटोंत फोकस थोडा थोडा सरकवून कॅमेराच त्यांची एकत्र जुळणी करतो, अशीही सोय त्यात आहे. ती शाळूच्या पिशवीवर आणि वारा नसतानाच वापरा, हातात धरून नको.

कुठं आणि काय काढायचं, याचा विचार मी उंचीवरून करतो. खुर्चीत बसल्यावर गुडघ्यापासून छातीपर्यंतचा जो पट्टा येतो तो तुमचा. त्याच्या खालचं आणि वरचं दुसऱ्यांना काढू दे. या पट्ट्यात काय येतं ते मोजायला लागलो तेव्हा मीच चकित झालो.

आधी भिंती. पावसाळ्यात आपल्याकडची कुठलीही जुनी दगडी भिंत म्हणजे उभी केलेली बाग असते. शेवाळाचे देठ, त्यांच्या टोकावरच्या इवल्या कुप्या, नेच्यांची कोवळी गुंडाळलेली पानं, गोगलगायीची पिल्लं. आपण मसाल्यात दगडफूल घालतो ना, त्याची भावंडं भिंतींवर आणि झाडांच्या खोडांवर भरपूर असतात. सरावाला याहून चांगलं काही नाही, कारण ती हलत नाहीत, उडत नाहीत आणि वर्षभर तिथंच असतात. पन्हाळ्यावर गाडी आतपर्यंत जाते. श्रावणात तटाजवळ गाडीतून उतरून पाच-दहा पावलांवर भिंतीला खांदा टेकवून मी तासन् तास काढले आहेत. पठारावरच्या फुलांच्या नादानं पहिल्याच वर्षी मसाई पठारावर मात्र जाऊ नका. तिथं फुलं घोट्याएवढी आणि वारा अखंड. ते सगळं हात बसल्यावर.

रंकाळ्यावर बाकाजवळच्या झुडपांवर टाचण्या बसतात, चतुराच्या बारक्या बहिणी म्हणा. पाण्यावरून वारा सुटायच्या आत, सकाळी आठच्या आधी जा. महावीर उद्यान, टाऊन हॉलची बाग, विद्यापीठाचा परिसर, सगळीकडं गाडीपासून फार न चालता जाता येतं. बरोबर कुणीतरी असू द्या.

पण सकाळचं एक अवघड आहे, आणि ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. थंडीतल्या सकाळी किडे गारठून निश्चल बसतात, अंगावर दव असतं, फोटोला सोन्याची वेळ. नेमक्या त्याच वेळी आमवाताची बोटं आखडलेली असतात. मला एका बाईंनी, त्यांनाही आमवात आहे, हे सांगितलं तेव्हा मी कितीतरी दिवस सगळ्यांना सकाळचाच आग्रह करत होतो याचं वाईट वाटलं. तुम्ही सकाळच्या मागं लागू नका. संध्याकाळ धरा.

संध्याकाळी काय मिळतं ते सांगतो. निळ्या पट्ट्यांची एक मधमाशी असते, पोळं करत नाही, एकेकटी राहते. तुळशीवर आणि सब्जावर मोठ्यानं गुणगुणत येते ती. तिचे नर रात्री झोपायला एखादी वाळकी बारीक काडी निवडतात. माझ्या कंपाउंडला गोकर्णाचा एक वाळका वेल लोंबत होता. दिवस मावळायच्या सुमारास पहिला नर आला, दोन-तीन घिरट्या घातल्या आणि त्यानं चक्क जबड्यानं काडी चावून धरली. मग पाय पोटाशी घेतले आणि काडीला आडवा लटकून राहिला. त्याच्याखाली दुसरा, तिसरा. कधी जागेवरून धक्काबुक्की, मग सगळे गप्प. हिरवट मोठे डोळे, पोटावर निळसर चमकणारे पट्टे, आणि तो चिमट्यासारखा मिटलेला जबडा, सगळं शांतपणे समोर. उत्तम भाग म्हणजे ते दिवसामागून दिवस त्याच काडीवर परत येतात. म्हणजे तुम्ही त्यांच्या मागं धावायचं नाही. दुपारीच खुर्ची मांडायची, शाळूची पिशवी टेकवायची, फोकसचं अंतर ठरवायचं आणि वाट बघायची. तेव्हापासून मी अंगणातल्या वाळक्या काड्या साफ करायच्या बंद केल्या. तुम्हीही आठ-दहा काड्या छातीच्या उंचीवर राहू द्या.

रात्री गॅलरीतला दिवा लावून ठेवला तर भिंतीवर पतंग येऊन बसतात. सपाट भिंत, पंख पसरून चिकटलेला पतंग, म्हणजे सगळा किडा एकाच पातळीत. फोकसच्या त्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यात पूर्ण मावतो. जून-जुलैमध्ये हे करून बघा.

एका वेळी वीस मिनिटांच्या वर काम करू नका. फोनला गजर लावा. समोर काही रंगलं की दुखणं जाणवत नाही आणि दुसऱ्या दिवशी चमचा धरवत नाही. सुरू करायच्या आधी कोमट पाण्यात हात शेकून घ्या.

आता तुमचा तिसरा फोटो. ताई, ती चिमणीची शीट नाही. पुसट आहे, तरी एका टोकाला जाड होत गेलेला आकार आणि मधला पांढरा खोगिरासारखा पट्टा ओळखू येतो. ती फुलपाखराची अळी आहे. कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालणाऱ्या कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराची असणार, दोन्हींच्या लहान अळ्या सारख्याच दिसतात. पक्ष्यानं खाऊ नये म्हणून ती पक्ष्याच्या शिटेचं सोंग घेते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन याच घराण्यातलं, त्याच्याही अळीचं सोंग हेच.

ती कुंडी आज कुणाकडून तरी उचलून स्टुलावर ठेवून घ्या, तुमच्या छातीच्या उंचीला, भिंतीच्या आडोशाला, म्हणजे वारा लागणार नाही. औषध फवारू नका, आणि आमटीला पाला दुसऱ्या झाडाचा घ्या. काही दिवसांत ती कात टाकेल आणि एका सकाळी तुम्हाला तपकिरी-पांढऱ्याच्या जागी हिरवीगार, खोट्या डोळ्यांची अळी दिसेल. तेव्हा पानाला अगदी हलका धक्का लागला तर डोक्यामागून सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली शिंगं बाहेर येतात आणि आंबूस वास सुटतो. मुद्दाम डिवचू नका, कधीतरी आपोआप दिसेल. त्यानंतर ती एखाद्या काडीला रेशमाचा एक धागा कमरेभोवती बांधून, जरा मागं रेलून कोष करेल. कोषातून फुलपाखरू निघायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. कोष काळसर पडून आतल्या पंखांचा रंग दिसायला लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीतच बसा. बाहेर आल्यावर पंख वाळेपर्यंत ते बराच वेळ हलत नाही. तेवढा वेळ तुमच्या बोटांना पुरेल. टायमर दोन सेकंदांचा लावा, आणि त्याचा फोटो मला पाठवा.